स्मोक बुश: मे उजाडला तरी काड्याच! (काळ्या पानांचं झुडूप, न्यू जर्सी)

ओसरी (एडिसन, न्यू जर्सी)
८ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या सप्टेंबरात एका नर्सरीत सेल होता. कोपऱ्यात एक झुडूप उभं होतं, त्याची पानं बघून मी आधी हात लावून खात्री केली की प्लास्टिकचं नाही ना. वांग्याच्या सालीसारखी काळपट जांभळी, गोलसर आणि कडेला बारीक लाल रेघ. पाटीवर 'कोटिनस, रॉयल पर्पल', खाली बारीक अक्षरात 'स्मोक बुश'. नवरा म्हणाला, "अंगणात काळं झाड कोण लावतं?" सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, करपलंय ते. दुसरं बदलून घे." मी घेतलंच.

लावलं घराच्या दक्षिणेला. तिथे सहा वर्षं माझा वांगी-टोमॅटोचा वाफा होता. शेवटची दोन वर्षं टोमॅटो धड येईनात, म्हणून भाजी मागच्या कुंपणाकडे हलवली आणि ही जागा मोकळी झाली. दिवसभर ऊन असतं. माती आमच्याकडची नेहमीची, तांबडी आणि चिकट.

मार्चमध्ये यूट्यूबवर एक आजोबा 'बिनधास्त खालपर्यंत कापा, पानं मोठी येतील' म्हणाले, म्हणून जमिनीपासून फूटभर ठेवून सगळं छाटलं. आज ८ मे. फोर्सिथिया फुलून गेली, शेजारच्यांचा लायलॅक घमघमतोय, गुलाबाला कळ्या आल्यात. याला मात्र एक डोळासुद्धा फुटलेला नाही. चार काड्या उभ्या आहेत नुसत्या. मेलं का? उपटू का?

---

बर्फातला_मोगरा (मिसिसागा)
८ मे, रात्री १०:३५

उपटू नका!! हात जोडते.

हे झाड कुंभकर्णाच्या घराण्यातलं आहे. आमच्याकडे तर सगळ्या गल्लीत हिरवंगार झालं तरी हे महाशय मे संपेपर्यंत डोळे उघडत नाहीत. माझं पहिलं स्मोक बुश मी असंच उपटून टाकलं होतं. मुळं बघितली तर पांढरी, रसरशीत. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. आत्ता आहे ते दुसरं, त्याला नऊ वर्षं झाली.

एक करा. नखाने काडीची साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर काडी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर तेवढा भाग गेला, मग थोडं खाली खरवडून बघा. अगदी बुडाशी हिरवं मिळालं तरी पुरे. जूनच्या मध्यापर्यंत थांबा आणि तोवर लाडाने पाणी घालत बसू नका. पानं नसलेल्या झाडाला पाणी लागतं किती? चिकट मातीत मुळं कुजतील.

बाकी ते यूट्यूबवाले आजोबा चुकीचं बोलले नाहीत, पण ते मुरलेल्या झाडाबद्दल बोलत होते. सप्टेंबरात लावलेल्या रोपावर मार्चमध्ये एवढी कात्री चालवायची नसते. पहिली दोन-तीन वर्षं मुळं धरू द्यायची, मग काय ते खेळ.

आणि यंदा 'धूर' दिसणार नाही, मनाची तयारी ठेवा. फुलोरा गेल्या वर्षीच्या लाकडावर येतो आणि ते तर तुम्ही कापलंत.

---

चहाबाज (ठाणे)
९ मे, सकाळी ८:१०

धूर देणारं झाड म्हणजे विड्यांच्या पानाचं का हो?

---

ओसरी
९ मे, सकाळी ८:४०

@बर्फातला_मोगरा, आत्ता नाइटगाऊनवरच बाहेर जाऊन खरवडून आले. चारपैकी तीन काड्या हिरव्या!! चौथी वरून तपकिरी आहे, खाली हिरवी. तुमच्या तोंडात साखर पडो.

@चहाबाज, तो तेंदू. याचा धूर म्हणजे फुलोरा म्हणे, पण मी अजून पाहिलेला नाही.

---

आल्प्सवारी (म्युनिक)
९ मे, दुपारी २:२०

धुराबद्दल मी सांगतो, आमच्या सोसायटीच्या फाटकाशीच एक आहे.

जूनमध्ये फांद्यांच्या टोकाला बारीक पिवळट फुलांचे मोठे झुपके येतात. फुलं अगदीच किरकोळ, लक्षही जात नाही. गंमत त्यानंतर सुरू होते. बहुतेक फुलं फळ न धरताच गळतात, मात्र त्यांचे देठ वाढत राहतात आणि त्यांच्यावर मऊ लव येते. असे हजारो लवदार देठ एकत्र आले की लांबून गुलाबी-जांभळट धूर साचल्यासारखं दिसतं. म्हणजे ज्याला आपण 'फूल' म्हणून फोटो काढतो तो वांझ देठांचा पसारा असतो. महिना-दीड महिना तरी टिकतो.

जर्मनांना यात धूर दिसलाच नाही. ते याला 'पेरुकनश्ट्राउख' म्हणतात, म्हणजे केसांच्या टोपाचं झुडूप. जुन्या काळचे न्यायाधीश घालायचे तसा टोप. एकदा हे नाव कळलं की मग धूर दिसत नाही, टोपच दिसतो!

मूळ जंगली झाड हिरव्या पानांचं. काळ्या पानांचे प्रकार निवडून वाढवलेले. दक्षिण युरोपापासून थेट चीनपर्यंत याचा वावर आहे आणि मध्ये आपला हिमालयही येतो. ऑक्टोबरात इटलीतल्या त्रिएस्तेच्या वरच्या कार्स्ट पठारावर गेलो होतो, स्लोव्हेनियाच्या हद्दीला लागून. पांढऱ्या चुनखडीच्या खडकांत हे झुडूप पसरलेलं आणि सगळं लालभडक. मातीचा पत्ता नाही, नुसत्या कपारी. बीजिंगजवळच्या श्यांगशान टेकड्यांची लाल पानंही याचीच. तेव्हा @ओसरी, याला खत-पाणी घालून लाडावू नका, हे खडकावरचं लेकरू आहे.

अवांतर: याच्या लाकडापासून पूर्वी लोकर-रेशमासाठी पिवळा रंग काढत आणि पानं चामडं कमवायला वापरत.

---

फणसगरे (डोंबिवली, मूळ राजापूर)
९ मे, रात्री ९:०५

धागा वाचून थोडं शोधलं तर हे झाड आम्रकुलातलं निघालं! म्हणजे आपला आंबा, काजू, बिब्बा यांचं भावंड. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये याला 'ऱ्हुस कोटिनस' म्हणून नोंदवलं होतं, स्कोपोली या दुसऱ्या शास्त्रज्ञाने नंतर त्याचं नाव 'कोटिनस कोग्गिग्रिया' केलं.

सांगायचा मुद्दा हा, की ताई, छाटताना हातमोजे घाला. या घराण्याचा चीक सगळ्यांना मानवत नाही. आमच्याकडे बिब्बा उतला की काय होतं ते लहानपणी भोगलंय. आजीने पायातल्या काट्यावर बिब्ब्याचा चटका दिला होता, दुसऱ्या दिवशी पाय भोपळ्याएवढा. धोबी कपड्यांवर खुणा करायचे तोच हा बिब्बा. तुमचं झुडूप एवढं जहाल नाही, पण कैरीच्या देठाच्या चिकाने ज्यांच्या ओठाला फोड येतात त्यांनी सांभाळावं. तुमच्याकडची ती पॉयझन आयव्ही पण याच कुळातली.

पान चुरगाळून वास घेऊन बघा आणि कळवा. आंब्याच्या कोवळ्या पानासारखा येतो का?

---

ओसरी
२६ मे, सायंकाळी ७:१५

आले!!! काल बुडाशी तांबूस टिचभर कोंब दिसले. आज मोजले, अकरा. फोटो टाकलेत. कोवळी पानं काळी नाहीत हो, कोकमाच्या आगळासारखी लाल आहेत, आरपार उजेड दिसतो.

@फणसगरे, एक पान चुरगाळलं. कैरीच्या देठासारखा वास आहे! नवऱ्याला डोळे मिटून हुंगायला दिलं तर म्हणाला, "लोणचं घालतेयस का?"

---

पेरूची_फोड (कोथरूड)
२७ मे, सकाळी १०:३०

फोटो बघून जीव गेला माझा. पुण्यात मिळेल का हे? दोन नर्सऱ्यांत विचारलं. एकाने 'हो मॅडम, हेच ते' म्हणून काळ्या-लाल पानांचं काहीतरी दाखवलं, दीडशे रुपयांना. पानं तोडली तर दुधासारखा चीक आला.

---

गच्चीवरची_बाग (पुणे)
२७ मे, दुपारी १२:४५

नका घेऊ. किंवा घ्या, पण काय घेताय ते कळून घ्या. ते युफोर्बिया कोटिनिफोलिया. नावातच लिहिलंय, 'कोटिनससारख्या पानांचं'. दिसायला खरंच तसं, पुण्यात मजेत वाढतं, बंगल्यांच्या कुंपणाला पुष्कळांनी लावलंय. पण तो दुधाळ चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागतो, कातडीवरही आग होते. माझ्या माळ्याने छाटता छाटता कपाळावरचा घाम पुसला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा डोळा उघडेना. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मी तरी लावणार नाही. आणि त्याला तो धूरबीर काही येत नाही.

खरं स्मोक बुश आपल्याकडे रमणार नाही. त्याला कडक हिवाळा लागतो, पानं झाडून दोन-तीन महिने थंडीत झोपायचं असतं. पुण्याची थंडी म्हणजे त्याला डुलकीसुद्धा नाही. हिमाचल-काश्मीरकडच्या कोरड्या उतारांवर ते आपसूक आहे, तिकडे फिरायला जाल तेव्हा शरदात बघा.

---

डॅलसकर (प्लेनो, टेक्सास)
२७ मे, रात्री ११:२०

काळी पानं आणि भरपूर फुलं दोन्ही हवी असतील तर क्रेप मर्टलचा विचार करा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मिसिसिपीतल्या केंद्रात याच्या जवळजवळ काळ्या पानांच्या जाती तयार झाल्या, बाजारात 'ब्लॅक डायमंड' नावाने मिळतात. माझ्याकडे लाल फुलांचं आहे. कोळशावर निखारे ठेवल्यासारखं दिसतं. जुलैत ४० अंशांत सगळी बाग माना टाकते, हे फुलत असतं.

महाराष्ट्राशी नातंही आहे. आपलं राज्यफूल ताम्हण याच प्रजातीतलं, लॅगरस्ट्रोमिया. पुण्यात साधं, हिरव्या पानांचं क्रेप मर्टल बागांतून दिसतंच.

छाटणीचा हिशेब मात्र स्मोक बुशच्या बरोबर उलटा. क्रेप मर्टल नव्या फुटीवर फुलतं, त्यामुळे हिवाळ्यात कापलं तरी फुलं जात नाहीत. म्हणून इथले लोक दर फेब्रुवारीत त्याची मुंडकी उडवतात. त्याला गमतीने 'क्रेप मर्डर' म्हणतात. गरज काहीच नसते, शेजाऱ्याने केलं म्हणून आपण. @ओसरी, तुमच्याकडे कडाक्याच्या हिवाळ्यात ते जमिनीपर्यंत मरू शकतं, घराच्या भिंतीच्या आडोशाला लावलं तर चालेल.

---

पेरूची_फोड
२८ मे, सकाळी ७:५०

युफोर्बिया रद्द. ताम्हणच लावते बंगल्याबाहेर. निदान सासरच्यांना नाव तरी सांगता येईल.

---

ओसरी
१९ जून, रात्री ९:३०

प्रगतीपुस्तक. उंची तीन फूट. वरची पानं आता खरोखर काळी, तळहाताएवढी. घराकडची, कमी ऊन मिळणारी एक बाजू मात्र हिरवट दिसतेय. खत कमी पडतंय का? टोमॅटोचं खत घरात आहे.

---

बर्फातला_मोगरा
१९ जून, रात्री १०:०५

खत नको, ऊन हवं. काळा रंग म्हणजे अँथोसायनिन, जांभूळ आणि कोकमात असतं तेच. पानात हरितद्रव्य असतंच, ऊन भरपूर मिळालं की हा रंग त्याच्यावर दाट पांघरूण घालतो. सावलीत पांघरूण विरळ होतं आणि खालचं हिरवं डोकावतं. नत्राचं खत दिलंत तर लांबलचक, मऊ, हिरवट फूट येईल आणि वाऱ्याने आडवी होईल. मी नऊ वर्षांत एकदाही खत दिलेलं नाही. दर वसंतात बुडाशी दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाला न चिकटवता. बस.

मी छाटते कशी ते सांगते, कारण तोच या झाडाचा सगळा मामला आहे. दर मार्चला बुडापासून कापलं तर पानं परातीएवढी (बरं, बशीएवढी) आणि एका हंगामात पाच-सहा फुटांच्या सरळ छड्या, पण धूर शून्य. अजिबात नाही कापलं तर धूर भरपूर, पण झाड दहा-बारा फूट उंच आणि तेवढंच रुंद, मध्ये विस्कटलेलं, पानं लहान. मी दर वर्षी सगळ्यात जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत कापते, बाकीच्यांना हात लावत नाही. म्हणजे खाली मोठी काळी पानं, वर धूर. शेजारीण म्हणते, खालून जळतंय आणि वरून धूर येतोय.

---

ओसरी
२४ जुलै, दुपारी १:१०

रडू येतंय. एक फांदी, घराकडची, परवापासून मलूल. पाणी कमी पडलं म्हणून घातलं. काल पानं कडेने तपकिरी होऊन गुंडाळली गेली, आज पूर्ण वाळली, पण गळत नाहीत, तशीच लटकताहेत. बाकीचं झाड ठणठणीत. किडा दिसत नाही. खोडाला भोकही नाही.

---

बर्फातला_मोगरा
२४ जुलै, दुपारी २:००

पाणी जास्त झालं असेल. बोट घालून बघा, दोन इंच खाली माती चिखल आहे का?

---

नांगरट (नारायणगाव)
२४ जुलै, रात्री ११:४५ (भारतीय वेळ)

मी या विभागात येत नाही, शेतीच्या धाग्यांवर असतो. पण शीर्षक बघून आलो आणि पहिली पोस्ट वाचून थबकलो. ताई, एकच प्रश्न. हे लावलंय कुठे म्हणालात? जिथे सहा वर्षं वांगी-टोमॅटो होते आणि शेवटची दोन वर्षं टोमॅटो 'धड येईनात' तिथेच ना?

पाणी जास्त झालं तर सगळं झाड बसतं. एकच बाजू, पानं वाळून लटकलेली आणि बाकी हिरवं, ही लक्षणं वेगळी. याला आम्ही मर म्हणतो. टोमॅटोच्या पट्ट्यात लहानाचा मोठा झालो, मर बघूनच.

आता ओळखायचं कसं. ती वाळलेली फांदी जिवंत भागापर्यंत कापा. तिरपा काप घ्या आणि सालीखालचं लाकूड बघा. तपकिरी-हिरवट रेघा किंवा ठिपक्यांचं कडं दिसलं तर बुरशी रसवाहिन्यांत शिरलीय. अजून एक, कापलेला तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूची मर. काही नाही उतरलं तर बुरशी. आमच्याकडे उष्णतेत फ्युजॅरियम जास्त, तुमच्या थंड हवेत व्हर्टिसिलियमची शक्यता मोठी. ही बुरशी वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरचीवर जगते आणि पीक काढलं तरी तिच्या काळ्या बारीक गाठी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. दहा वर्षंसुद्धा. नवं मूळ आलं की जागी होते.

---

ओसरी
२४ जुलै, दुपारी ४:३०

कापलं. रेघा आहेत. तपकिरी, पेन्सिलने ओढल्यासारख्या. पाण्यात दूध नाही उतरलं. फोटो टाकलाय.

---

आल्प्सवारी
२४ जुलै, रात्री १०:५० (इथली वेळ)

नांगरटदादा, साष्टांग नमस्कार. खरंय, कोटिनस हे व्हर्टिसिलियमचं नेहमीचं गिऱ्हाईक, मेपलसारखंच. इथल्या बागकामाच्या पुस्तकांत या झाडाखाली पहिला इशारा तोच असतो. आम्ही सगळे पानांच्या रंगावर बोलत बसलो आणि पहिल्या पोस्टमधला वाफा कोणाच्याच डोक्यात आला नाही.

---

ओसरी
२५ जुलै, सकाळी ९:००

औषध काय फवारू? झाड काढून दुसरीकडे लावू का?

---

नांगरट
२५ जुलै, रात्री ८:२०

फवारणी नाही. आत रसवाहिनीत बसलेल्या बुरशीला वरून काही लागत नाही. दुकानदार विकेल, तुम्ही घेऊ नका.

हलवूही नका. मुळांबरोबर माती जाणार, म्हणजे दुसरी जागाही बाधित. आहे तिथेच सांभाळायचं. वाळलेलं काढत राहा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कापलेलं कंपोस्टमध्ये घालू नका आणि त्याचा चुरा करून आच्छादन तर मुळीच नको, कचऱ्यात द्या. पावसाची उघडीप असेल तेव्हा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी, रोज शिंतोडे नाहीत. नत्र बंद. काही झाडं रोगाला आतल्या आत कोंडून बाकी अंगावर जगतात, काही एका उन्हाळ्यात जातात. आधी सांगता येत नाही.

खात्री हवी तर प्रयोगशाळेत द्या. कृषी विद्यापीठ असेलच तिकडे.

आणि मागच्या कुंपणापाशी आता वांगी आहेत ना? इथलं खुरपं तिथे वापरताना धुऊन घ्या. या वाफ्यात परत वांगी-टोमॅटो नाहीत. कांदा, लसूण, मका घ्या, त्यांना ही बुरशी लागत नाही. फेरपालट केली असती तर मुळात एवढी वाढली नसती, पण परसबागेत फेरपालट कोण करतं? आमच्याकडे भाव चांगला मिळाला की शेतातसुद्धा कोणी करत नाही.

---

ओसरी
२१ ऑगस्ट, रात्री ८:४०

रटगर्स विद्यापीठाच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नमुना दिला होता. उत्तर आलं, व्हर्टिसिलियमच. नांगरटदादा, तुम्ही सात समुद्रांपलीकडून फोनवर बघून सांगितलंत ते.

अजून एक फांदी गेली. नऊ राहिल्यात. नवरा म्हणतो, काढ आणि क्रॅबॲपल लाव, त्याला हा रोग होत नाही. काळसर पानांचे क्रॅबॲपल मिळतात, ते मीही वाचलं. बर्च, डॉगवुड, कोनिफर हेही सुटलेत यातून म्हणे. पण नऊ फांद्या जिवंत असलेलं झाड काढायला हात होत नाही माझा. या मार्चला कात्री लावणार नाही, एवढं ठरलंय.

---

चहाबाज
२२ ऑगस्ट, सकाळी ७:५५

मी विड्यांवर विनोद करायला आलो होतो, वांग्याच्या मरीपर्यंत वाचत गेलो. जगवा हो ते झाड.

---

ओसरी
२० ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

कोणी बोलू नका, फक्त फोटो बघा. काळी पानं होती ना? आज सकाळी सूर्य मागून आला तेव्हा शेंदरी, लाल, मध्येच डाळिंबी.

---

डॅलसकर
२० ऑक्टोबर, रात्री ८:१५

बोलतोच. वा!

---

ओसरी
२९ जून (पुढच्या वर्षीचा), रात्री १०:१०

धागा वर काढतेय, वर्षभराचा हिशेब द्यायचा राहिलाय.

हिवाळ्यात दोन फांद्यांची टोकं मेली, तेवढीच मार्चमध्ये काढली. कोंब यंदा १९ मेला आले, मी शांतपणे वाट बघितली (खोटं, रोज खरवडत होते). मरीने नवीन फांदी अजून नेलेली नाही. जुन्या वाफ्यात लसूण लावलाय, मागची वांगी वेगळ्या खुरप्याने. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन उंच फांद्यांच्या टोकाला पिवळट बारीक फुलोरा, मग त्याचा धूर झाला. फार नाही. हातभर लांबीचे दोन झुपके, धुरकट गुलाबी. सकाळी दव पडलं की प्रत्येक केसावर थेंब. मी चहा घेऊन तिथेच उभी राहायचे.

'चे' म्हणतेय, कारण मागच्या आठवड्यात सासूबाई आल्या. गुरुवारी मी कामावरून परतले तर अंगण लख्ख झाडलेलं आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या करपलेल्या झाडावर केवढी जळमटं धरली होती गं! केरसुणीने काढून टाकली सगळी."

एका झुपक्याचा थोडा भाग मागच्या बाजूला राहिलाय. त्याचा फोटो जोडलाय.

---

बर्फातला_मोगरा
२९ जून, रात्री १०:२२

अगं देवा!! आणि मग तू काय म्हणालीस त्यांना?

---

ओसरी
२९ जून, रात्री १०:३०

"चहा घेता का?" म्हणाले.